ड्रिलिंगमधील अचूकता

धातूत ड्रिलने पाडलेल्या छिद्राचा व्यास, गोलाई, सरळपणा आणि स्थान आराखड्याशी कितपत जुळते, त्याला ड्रिलिंगमधील अचूकता म्हणतात. मापात जेवढा फरक चालतो तो टॉलरन्स होय. आयएसओ २८६ या मानकात त्याच्या 'आयटी' श्रेणी दिलेल्या आहेत. साध्या ट्विस्ट ड्रिलने सामान्यतः आयटी ११ ते १३ इतकीच अचूकता मिळते. १० मिमी व्यासासाठी आयटी ११ म्हणजे ०.०९० मिमी, तर आयटी ७ म्हणजे अवघा ०.०१५ मिमी फरक.

छिद्र मोठे होण्याची कारणे

ड्रिल नाममात्र मापापेक्षा किंचित लहानच बनवलेले असते, तरीही छिद्र बहुधा ड्रिलपेक्षा मोठे होते. हाताने धार लावताना टोकाच्या दोन धारा कमी-अधिक लांबीच्या झाल्या, की टोक मध्यापासून सरकते आणि ड्रिल मोठे वर्तुळ कापते. व्यवहारात हेच कारण सर्वाधिक आढळते. शिवाय टोकाच्या मध्यावरील आडवी धार धातू नीट कापत नाही, तो दाबून बाजूला सारते. त्यामुळे सुरुवातीलाच ड्रिल भरकटते. स्पिंडलचा किंवा चकचा डगमग आणि खाचांत अडकलेला कीस यांनीही फरक वाढतो.

उपाय व मर्यादा

पंचाची खूण, सेंटर ड्रिल किंवा बुश असलेला जिग यांमुळे ड्रिल जागेवर राहते. नेमक्या व्यासासाठी १० मिमीचे छिद्र आधी सुमारे ९.८ मिमीचे पाडून रीमर फिरवतात व एच ७ टॉलरन्स साधतात. डॉवेल पिनसाठी हे आवश्यक असते, कारण नुसत्या ड्रिलच्या छिद्रात पिन सैल बसून जोडलेले भाग सरकू शकतात. मात्र रीमर आधीच्या छिद्रामागूनच जातो. चुकलेले स्थान त्याने सुधारत नाही, त्यासाठी बोअरिंग करावे लागते.

आट्यांच्या छिद्रांना एवढी काटेकोर अट नसते. एम १० × १.५ आट्यांसाठी ८.५ मिमीचे ड्रिल वापरतात. ६एच श्रेणीत आतील व्यास ८.३७६ ते ८.६७६ मिमी चालतो. त्याहून मोठ्या छिद्रात आटे उथळ पडतात आणि बोल्ट आवळताना ते निघून येण्याचा धोका असतो.

तपासणी सहसा 'गो' व 'नो-गो' टोके असलेल्या प्लग गेजने होते. मापनाचे प्रमाण तापमान २०° सेल्सिअस असल्याने ड्रिलिंगने तापलेला भाग निवल्यावरच मोजतात.