करिष्मा : नेत्याचा आणि नावाचा

‘करिष्मा’ हा शब्द मराठी राजकीय चर्चेत आता नित्याचा झाला आहे. त्याला शास्त्रीय अर्थ दिला तो जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी. परंपरा, कायदा आणि करिष्मा हे अधिसत्तेचे तीन आधार त्यांनी मानले. नेत्याच्या अंगी असामान्य गुण आहेत ही अनुयायांची श्रद्धा, म्हणजे करिष्मा. साहजिकच श्रद्धा ओसरली की वलयही विरते.

सांगली-मिरज-कुपवाड परिसराने या शक्तीची दोन भिन्न रूपे पाहिली. क्रांतिसिंह नाना पाटील (१९००-१९७६) यांचे सामर्थ्य वाणीत होते. प्रतिसरकारच्या या नेत्याची अस्सल ग्रामीण बोलीतील भाषणे ऐकण्यास गावेच्या गावे लोटत. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये थेट बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. मात्र हा करिष्मा व्यक्तीपुरताच राहिला. त्यातून स्थायी सत्ताकेंद्र उभे राहिले नाही.

वसंतदादा पाटील (१९१७-१९८९) फर्डे वक्ते नव्हते, शालेय शिक्षणही बेताचे. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून निसटताना त्यांना गोळी लागली आणि त्यांच्याभोवती वलय निर्माण झाले. दादांचे वेगळेपण असे, की हे वलय त्यांनी संस्थांमध्ये गुंतवले. सांगलीचा सहकारी साखर कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण. मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली; शिक्षणसम्राटांचा उदयही त्यातूनच झाला, हे नाकारता येत नाही.

करिष्मा टिकायचा तर तो संस्था किंवा वारसा यांत मुरावा लागतो, असे वेबर सांगतात. सांगलीत दोन्ही घडले. कारखाना पुढे कर्जात रुतला आणि भाडेतत्त्वावर गेला. लोकसभेची जागा १९८० पासून दादांच्या घराण्याकडे होती, ती २०१४ मध्ये गेली. एव्हाना, १९९८ मध्ये महापालिकेत आलेल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दादांना न पाहिलेली पिढी कामाला लागली होती. २०२४ मध्ये महाविकास आघाडीत ही जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला सुटली, तेव्हा दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष लढले आणि जिंकले. या विजयात आजोबांच्या नावाचा वाटा किती आणि उमेदवारी डावलल्याच्या रोषाचा किती, हे मतपेटीतून वेगळे काढता येत नाही.