चिमणीखालची तीन उदाहरणे

दहावीच्या भूमितीत एक उदाहरण हमखास असते. जमिनीवरील एका बिंदूपासून मनोऱ्याच्या टोकाचा उन्नत कोन ३० अंश आहे. मनोऱ्याच्या दिशेने ४४ मीटर चालत गेल्यावर तो ४५ अंश होतो. तर मनोऱ्याची उंची काढा. विद्यार्थी सूत्र घालतात, उत्तर काढतात आणि पान उलटतात. हा मनोरा कोणाचा, त्याची उंची कोणाला हवी होती आणि सरळ बुंध्यापर्यंत जाऊन अंतर का मोजले नाही, हे प्रश्न वर्गात निघत नाहीत.

परळ, लालबाग आणि दादरच्या शाळांत यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एके काळी खिडकीतून दिसत असे. मनोरा म्हणजे गिरणीची चिमणी. तिच्या बुंध्यापर्यंत जाता येत नव्हते, कारण मध्ये गिरणीची भिंत होती आणि फाटकावर दरवान उभा होता. दोन ठिकाणांहून कोन मोजण्याची युक्ती नेमकी अशा माणसासाठी आहे, ज्याला आत जायला मज्जाव आहे पण आतल्या वस्तूची उंची मात्र काढायची आहे.

या चिमणीच्या निमित्ताने आपण तीन शालेय उदाहरणे सोडवून पाहू. एक भूमितीचे, एक कर्बोदकांच्या रसायनाचे आणि एक वायूंच्या भौतिकीचे. पाठ्यपुस्तकात ती तीन वेगळ्या प्रकरणांत येतात. गिरणगावात मात्र ती एकाच बॉयलरच्या वाफेने एकमेकांना जोडलेली होती आणि त्यांच्या उत्तरांवर हजारो माणसांचे आरोग्य अवलंबून होते.

चिमणी उंच कशासाठी?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, परळ, लालबाग, वरळी, दादर या पट्ट्यात चिमण्यांचे रानच उभे राहिले. सुरुवातीच्या गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत. बॉयलर एक, इंजिन एक आणि चिमणी एक.

वरचे उदाहरण प्रथम सोडवू. उंची 'उ' मानली तर ४५ अंशांच्या जागेपासून बुंध्याचे अंतरही 'उ'च होते. ३० अंशांच्या जागेपासून ते 'उ' अधिक ४४ मीटर. ३० अंशांच्या कोनात हे अंतर उंचीच्या १.७३२ पट असते. म्हणून ४४ भागिले ०.७३२ म्हणजे सुमारे ६० मीटर. कोन डोळ्याच्या पातळीवरून मोजला असेल तर त्यात दीड मीटर मिळवायचे राहते. ही चूक विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी.

आता पुढचा प्रश्न विचारू. एवढा विटांचा खर्च मालकांनी का केला? धूर चाळींच्या वर सोडायचा हे एक कारण झाले, पण मुख्य कारण ओढ हे होते. भट्टीतल्या कोळशाला हवा लागते आणि ती हवा उंच चिमणीच ओढून आणते. दाब जवळपास सारखा असताना वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन असेल तर तिची घनता घनमीटरला सुमारे १.१६ किलोग्रॅम. चिमणीतला वायू ५०० केल्व्हिनचा मानला तर त्याची घनता १.१६ च्या ३०३ भागिले ५०० पट, म्हणजे सुमारे ०.७० होते. फरक ०.४६. त्याला ६० मीटर आणि ९.८ ने गुणले की सुमारे २७० पास्कल येतात. साधारण २७ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाचा हा दाब. आकडा लहान दिसतो, पण भट्टी पेटती ठेवायला तो पुरतो. चिमणी निम्मी केली की ओढही निम्मी. भूमितीचे उत्तर असे सरळ वायूच्या नियमात जाऊन मिळते.

चिमणीच्या सावलीचाही एक हिशेब आहे. ८२.५ अंश रेखांशावरील भारतीय प्रमाण वेळ आणि ७२.८ अंशांवरील मुंबई यांत जवळजवळ ९.७ अंशांचे अंतर आहे. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर ३९ मिनिटे होतात. १९०६ च्या जानेवारीत गिरण्यांमध्ये प्रमाण वेळ लागू करताच कामगारांनी काम नाकारले आणि दगडफेकही झाली. घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी कामावर हजर व्हायचे, हे गणित त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. शहरात अनेक ठिकाणी जुनी 'मुंबई वेळ' त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिली.

१९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. हळूहळू वाफेची इंजिने गेली, पण बॉयलर गेले नाहीत. धुलाई आणि रंगाईला वाफ लागतच होती. तशीच ती खळीलाही लागत होती.

खळ आणि सूत

साच्यावर कापड विणताना ताण्याचे सूत फणीतून घासत जाते, वरखाली ओढले जाते आणि मध्येच तुटते. ते तुटू नये म्हणून विणण्यापूर्वी त्याला खळ देतात. हे काम सायझिंग खात्यात चाले. मका, टॅपिओका, तांदूळ किंवा गहू यांचा स्टार्च पाण्यात घालून वाफेने शिजवायचा, सूत त्यातून काढायचे आणि वाफेनेच तापवलेल्या रुळांवर वाळवायचे. आपल्या घरी सुती साडीला भाताची पेज देतात, तोच हा प्रकार.

येथे रसायनशास्त्राची एक गंमत आहे. सूत म्हणजे सेल्युलोज आणि खळ म्हणजे स्टार्च. दोघांच्याही साखळीतील एका कडीत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १० आणि ऑक्सिजनचे ५ अणू असतात. दोघांचेही जलापघटन केले तर ग्लुकोजच मिळते. मग एक पदार्थ आपण खातो आणि दुसरा अंगावर घालतो, हे कसे? फरक जोडणीचा आहे. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे मणी एकाच बाजूने ओवलेले असतात, त्यामुळे साखळीला पीळ पडतो. सेल्युलोजमध्ये एकाआड एक मणी उलटा असतो, त्यामुळे साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळीला घट्ट चिकटते. आयोडीन स्टार्चच्या पिळात जाऊन बसते म्हणून निळा रंग येतो. सेल्युलोजमध्ये त्याला तशी जागा सापडत नाही.

हा फरक ज्यांच्या कामातून उलगडू लागला त्यांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांचे नाव महत्त्वाचे आहे. १८३३ मध्ये त्यांनी पेर्सो यांच्यासह मोड आलेल्या सातूपासून स्टार्चची साखर करणारे डायास्टेज मिळवले आणि १८३८ मध्ये लाकडातून सेल्युलोज वेगळे केले. डायास्टेज स्टार्च तोडते पण सेल्युलोजला हात लावत नाही. पुढे विणलेल्या कापडातील खळ काढण्यासाठी कापड उद्योगाने हाच गुण वापरला.

उदाहरण असे घालता येईल. १०० किलोग्रॅम सुतावर १० किलोग्रॅम स्टार्च चढला आहे. त्याचे पूर्ण जलापघटन केल्यास किती ग्लुकोज मिळेल? बरेच विद्यार्थी १० किलोग्रॅम असेच उत्तर देतात. साखळीतील कडीचे वस्तुमान १६२ असते आणि सुट्या ग्लुकोजचे १८०, कारण कडी सुटताना पाण्याचा एक रेणू सामावला जातो. म्हणून उत्तर सुमारे ११.१ किलोग्रॅम. वरचे १.१ किलोग्रॅम पाण्याचे.

पण उदाहरण येथे संपत नाही. ही साखर गटारातून खाडीत जाते आणि जिवाणू तिचे विघटन करताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. १६२ ग्रॅम स्टार्चला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे १० किलोग्रॅमला जवळजवळ १२ किलोग्रॅम. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. तेव्हा या एवढ्याशा खळीने सुमारे १६ लाख लिटर पाण्यातील ऑक्सिजन संपू शकतो.

दमट हवेचा हिशेब

मुंबईत गिरण्या वाढल्या त्याला बंदर, कापसाचा व्यापार आणि भांडवल ही कारणे होतीच. समुद्राची दमट हवा हेही एक कारण सांगतात. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते आणि खळीचा थर तडकतो. दमट हवेत दोन्ही लवचीक राहतात. म्हणून विणाई खात्यात हवा मुद्दाम आणखी दमट केली जाई.

याची पहिली मोठी तक्रार लँकेशायरमध्ये झाली. तेथे काही कारखानदार सुताचे वजन वाढवण्यासाठी खळीत चिनी माती मिसळत. असे सूत विणायला फार दमट हवा लागे, म्हणून शेडमध्ये वाफ सोडत. टॉडमॉर्डन येथील विणकरांच्या तक्रारीवरून डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी १८७२ मध्ये चौकशी केली. १८८९ च्या कायद्याने तेथे कोरड्या आणि ओल्या फुग्याच्या तापमापकांवरून दमटपणाची कमाल मर्यादा ठरवली. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्यातील १५ व्या कलमाने कृत्रिम दमटपणावर नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्यासाठी वापरायचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातील किंवा शुद्ध केलेले असावे, असेही त्यात घातले होते.

आता उदाहरण. ३० अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर २४ ग्रॅम. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अशा खात्यात मग किती बाष्प असेल? १००० घनमीटरला २४ किलोग्रॅम. दोन मोठ्या बादल्यांहून अधिक पाणी कामगाराभोवती हवेत तरंगत असते, आणि ते दिसत नाही.

खरा प्रश्न हे बाष्प हवेत कसे सोडले हा आहे. पाण्याचे तुषार उडवले तर १ ग्रॅम पाण्याचे बाष्प व्हायला सुमारे २४०० जूल उष्णता लागते आणि ती हवेतून घेतली जाते. घनमीटरभर हवा १ अंशाने थंड करायला साधारण ११७० जूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे हवा जवळजवळ २ अंशांनी निवते. वाफ सोडली तर ती अप्रकट उष्णता बॉयलरने आधीच भरलेली असते. हवा निवत नाही, उलट तापलेल्या नळ्यांनी खाते अधिकच तापते. आर्द्रतेचा आकडा दोन्हीकडे सारखा असला तरी साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या घामाला सुकायला मिळणारी संधी सारखी नसते. नुसते 'सापेक्ष आर्द्रता ८० टक्के' एवढे लिहिणारा नोंदकार खोटे लिहीत नाही, पण अर्धेच लिहितो.

उदाहरणातला माणूस

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांनी सह्या केलेल्या मागण्यांत रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सूर्यास्ताला काम बंद या मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने पुढे कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. पाळी संपवून तेथे येणाऱ्या विद्यार्थ्याला खळ, वाफ आणि चिमणी यांची ओळख करून द्यावी लागत नव्हती. त्याला अपरिचित होती ती केवळ पुस्तकाची भाषा.

आज परिस्थिती उलटी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. मोजक्याच चिमण्या शिल्लक आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकाची भाषा येते, पण उदाहरणातला माणूस त्यांना दिसत नाही. तेव्हा वर्गात एवढे करून पाहावे, असे आम्ही सुचवू.

कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा आणून त्यावर पातळ आयोडीनचा थेंब टाकावा. निळा डाग आला तर खळ स्टार्चची आहे. आजकाल कृत्रिम खळही वापरतात, म्हणून आधी ही खात्री करावी. मग दुसऱ्या जागी थोडी लाळ लावून तुकडा अर्धा तास कोमट ठेवावा आणि तेथे आयोडीन टाकावे. रंग फिका येईल, कारण लाळेतही स्टार्च तोडणारे विकर असते. कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि खडा पुरेसा आहे.

आणि घरी, चाळीत किंवा शेजारी कोणी आजोबा सायझिंग किंवा विणाई खात्यात होते का, हे विद्यार्थ्यांना विचारून यायला सांगावे. खात्यात वाफ सोडत की तुषार, अंगावरचा सदरा किती वेळात भिजे, सूत जास्त कोणत्या महिन्यात तुटे, ही माहिती वहीत उतरवून घ्यावी. तिसऱ्या उदाहरणातील आकडे मग त्या वहीतून घालता येतील. ही माहिती देऊ शकणारी माणसे आता वयोवृद्ध आहेत, म्हणून हे काम याच वर्षी हाती घेतलेले बरे.