कव्हर आणि डॉकचं वीस वर्षांचं भांडण

हा भाग ऐकताना तुमचा फोन बहुतेक कव्हरमध्येच असेल. रात्री चार्जिंगला लावताना तुम्ही ते काढतही नसाल. इतकी साधी सोय, पण ती नीट जमायला वीस वर्षं लागली. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात २००३ पासून करू. अमेरिकेतल्या ॲपलनं त्या वर्षी तिसऱ्या पिढीचा आयपॉड आणला. हो, ज्याच्यावरून पुढच्या वर्षी ‘पॉडकास्ट’ हा शब्द निघाला, तोच आयपॉड. त्याच्या तळाशी तीस पिनांचं रुंद, चपटं सॉकेट होतं आणि त्याच्यासाठी एक डॉक होता, म्हणजे टेबलावर ठेवायचा छोटा स्टँड. आयपॉड त्यात उभा खोचला की चार्जिंग सुरू!

अडचण एकच. डॉकची खाच आयपॉडच्या उघड्या अंगाच्या मापाची होती. कव्हर घातलं की दोनतीन मिलिमीटरनं सगळं अडायचं. २००५ मध्ये ॲपलनं ‘युनिव्हर्सल डॉक’ काढला. प्रत्येक मॉडेलसाठी प्लॅस्टिकचा वेगळा साचा बसवायचा. पण तेही माप उघड्या आयपॉडचंच! कव्हरचा विचार त्यात नव्हताच.

मग कव्हरवाल्यांनी आपापली डोकी लढवली. काहींनी तळ मोकळा सोडला. डॉकला जमलं, पण आयपॉड नेमका त्याच बाजूवर पडला तर? काहींनी तळाचा तुकडा सरकवून काढता येईल असा केला. तो तुकडा हरवला की झालं! म्हणजे निवड अशी होती: एकतर वस्तू जपा, नाहीतर सोय घ्या.

त्यात २०१२ उजाडलं. आयफोन ५ सोबत लायटनिंग हे नवं, छोटं सॉकेट आलं आणि तीस पिनांचे सगळे डॉक एका झटक्यात जुने झाले. हॉटेलच्या खोल्यांमधली डॉकवाली घड्याळं, घरातले स्पीकर, सगळं चालू स्थितीत, पण नव्या फोनसाठी बिनकामाचं. जुनं वापरायचंच असेल तर २९ डॉलरचा ॲडॉप्टर घ्या!

पण तोवर दुसरीकडे वेगळाच रस्ता निघाला होता. २००९ मध्ये पाम कंपनीनं ‘पाम प्री’ हा फोन आणि ‘टचस्टोन’ नावाचा चार्जर आणला. सॉकेटच नाही. फोन वर ठेवा, चुंबक त्याला धरून ठेवणार, वीज आपोआप जाणार. तत्त्व जुनंच, १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेनं दाखवलेलं. एका कॉइलमधला प्रवाह बदलत राहिला की शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. गंमत म्हणजे, त्यासाठी प्रीचं मागचं झाकण बदलून खास झाकण लावावं लागायचं. २०१२ च्या नोकिया लुमिया ८२० चंही तसंच. म्हणजे आजवर चार्जिंगच्या आड येणारं कवच आता चार्जिंग घेऊन आलं!

दरम्यान, २०१० मध्ये बिनतारी चार्जिंगसाठी ‘ची’ हे सामाईक मानक आलं होतं. २०१७ मध्ये आयफोननंही ते घेतलं. धातूच्या पाठीतून अशी वीज जात नाही, म्हणून पाठ काचेची झाली. काच फुटते, म्हणून कव्हर आणखी गरजेचं झालं. आणि कव्हर जाड असलं किंवा फोन जरा तिरका ठेवला गेला, की कॉइल एकमेकींसमोर येत नाहीत. चार्जिंग रेंगाळतं, फोन तापतो, आणि उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं.

यावर २०२० मध्ये मॅगसेफ आलं. आयफोन १२ मध्ये चुंबकांची गोल कडी, आणि त्याच्या कव्हरमध्येही तशीच कडी. फोन नेमक्या जागी ‘टक्’ करून बसतो. २०२३ मध्ये याच कल्पनेवर ‘ची २’ हे मानक जाहीर झालं, कुठल्याही कंपनीला वापरता येईल असं. २०२५ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस २५ मध्ये तर चुंबक फोनमध्ये नाहीतच, ते कव्हरमधून येतात.

आता बघा, तंत्र काही नवं नव्हतं. चुंबक आणि कॉइल २००९ मध्येही होते. पण प्रत्येक कंपनी आपलंच माप धरून बसली होती, आणि माप बदललं की भुर्दंड आपल्याला आणि ढीग कचऱ्यात. भांडण मिटायला लागलं ते माप सगळ्यांचं झाल्यावर.

म्हणून पुढचं कव्हर घेताना रंगाच्या आधी दोन गोष्टी विचारा: आत चुंबकाची कडी आहे का, आणि ते ‘ची २’ ला चालतं का? आणि हो, गाडीतल्या होल्डरसाठी पाठीला चिकटवलेली लोखंडी पट्टी बिनतारी चार्जरवर ठेवण्याआधी काढा. ती भलतीच तापते.

भेटू पुढच्या भागात!