दिसणे, पाहणे आणि पाहिजे

मराठीतल्या दृष्टीविषयक क्रियापदांचा विचार दिसणे आणि पाहणे या जोडीपासूनच करावा लागतो. ‘मला तारा दिसतो’, ‘मला तारे दिसतात’. इथे क्रियापद ताऱ्यामागे चालते आणि ज्याला दिसते तो चतुर्थीत बाजूला उभा राहतो. पाहण्यात कर्ता मी, इच्छाही माझी. म्हणून ‘मुद्दाम पाहिले’ म्हणता येते, ‘इकडे पहा’ असे सांगता येते. समोरच्याला तारा दिसावा अशी आज्ञा मात्र करता येत नाही. ‘मला दिसत नाही’ ही डोळ्यांची अडचण, तर ‘मी पाहत नाही’ हा नकार. ‘पाहिले, पण दिसले नाही’ यात विसंगती नाही ती त्यामुळेच.

या रचनेचे मूळ इतिहासात आहे. दिसणे आले संस्कृत ‘दृश्यते’वरून, आणि ते रूपच कर्मणि आहे. पाहणाऱ्याकडे कर्तेपण नसणे हा त्याचा जन्मजात स्वभाव.

असाच प्रवास पाहण्याच्या एका रूपानेही केला, आणि मला तो साऱ्या मराठी क्रियापदांत विलक्षण वाटतो. जुन्या मराठीत ‘-इजे’ लावून कर्मणि रूपे होत: करिजे, बोलिजे, म्हणिजे. म्हणिजेचे आजचे ‘म्हणजे’ झाले, आणि पाहणेचे ‘पाहिजे’. पाहण्याला शोधण्याची छटा होतीच. जे पाहिले जाते, शोधले जाते, ते हवे असते. ‘मला पाणी पाहिजे’ म्हणताना आज डोळ्यांची आठवण कुणालाच होत नाही. कर्मणि अर्थही इतका विसरला गेला की अनेकवचनासाठी वेगळा त जोडून ‘आंबे पाहिजेत’ असे नवे रूप घडले. पुढे ‘गेले पाहिजे’मध्ये गरजेचे कर्तव्य झाले.

पाहण्यातली इच्छा इतरत्रही पसरली: वाट पाहणे, नाडी पाहणे, कारभार पाहणे, अंत पाहणे. ‘चव घेऊन पहा’मध्ये ते प्रयोग करणे होते. ‘कोसळू पाहणारी भिंत’ मात्र अपवाद; भिंतीला कसली इच्छा? तिथे उरतो तो केवळ कल.

बघणे बहुतेक ठिकाणी पाहण्याची जागा घेते आणि बोलण्यात अधिक चालते; तरी सर्वेक्षणाला आपण ‘पाहणी’ म्हणतो आणि गर्दीतल्या रिकामटेकड्याला ‘बघ्या’. निरखणे आणि पारखणे संस्कृत ‘ईक्ष्’ धातूकडून आलेली. पहिले डोळ्यांशी राहिले, दुसरे निवाड्याकडे गेले. ‘देखणे’ हे क्रियापद रोजच्या बोलण्यातून जवळपास गेले, पण देखणा, देखावा, देखरेख मागे राहिले.

‘पाहणे: बघणे’ एवढाच अर्थ देणारी नोंद म्हणूनच अपुरी आहे. कोशकारांनी या प्रत्येक क्रियापदापुढे त्याचा कर्ता कोण आणि पाहणारा कोणत्या विभक्तीत येतो, हे उदाहरणासह द्यावे.