अपस्मार : भ्रमाकडून उपचाराकडे

चरकसंहितेत अपस्मार या व्याधीचे स्वतंत्र विवेचन असून वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे त्याचे चार भेद सांगितले आहेत. ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिस याच्या परंपरेतील ग्रंथानेही सुमारे २४०० वर्षांपूर्वी या रोगाचे मूळ दैवी कोपात नसून मेंदूत आहे, असे प्रतिपादिले. असे असूनही आपल्या करवीर नगरीत व भोवतालच्या खेड्यांत फेफरे आले की कांदा हुंगविणे, नाकाशी पायताण धरणे, अंगारा लावणे हेच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

पुढे १८५७ साली इंग्लंडात ब्रोमाइड, १९१२ साली जर्मनीत फिनोबार्बिटल व १९३८ साली अमेरिकेत फेनिटॉइन यांचा गुण प्रत्ययास आला. १९२९ साली हान्स बर्गर याने मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि निदानास बळकट आधार लाभला. आमच्या भागात पाश्चात्त्य वैद्यक आले ते कोल्हापुरातील थोरल्या दवाखान्याच्या व १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत स्थापिलेल्या रुग्णालयाच्या रूपाने. तरीही आजाराची वार्ता फुटल्यास सोयरीक मोडेल, या धास्तीने कित्येक घरांनी तो झाकून ठेवला.

या धास्तीस कायद्याचेही पाठबळ मिळाले. हिंदू विवाह कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार ही विवाहातील बाधा ठरली व असा विवाह रद्द करवून घेणे शक्य झाले. १९९९ साली तो शब्द कायद्यातून वगळण्यात आला. कायद्याने काढलेला हा कलंक आपण मात्र वधूवर-सूचीच्या वेळी अजून मनात बाळगतो, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास शंभरांतील सुमारे सत्तर रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. बालकास तापात येणारी आकडी म्हणजे अपस्मारच असे नव्हे. मात्र ती वैद्यांस दाखविलीच पाहिजे. झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

ज्ञातिबांधवांनो व भगिनींनो, सोयरीक जुळविताना हा आजार लपवू नये आणि कोणी मोकळेपणाने सांगितल्यास केवळ त्या कारणाने स्थळ नाकारू नये, एवढीच आमची नम्र विनंती.