झाड तोडायची परवानगी कोणाची, आणि वर चढायचं कोणी?

मंडळी, पावसाळा तोंडावर आला की होळी, पापडी, गिरीजपासून निर्मळपर्यंत एकच विषय निघतो. घराच्या अंगावर झुकलेला माड काढायचा कसा? चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर भाव ऐकून मटकन बसायला होतं, आणि परवानगीचं काय ते कोणालाच धड ठाऊक नसतं. मग महापालिकेला चार शिव्या घालून आपण मोकळे होतो. पण हा गुंता आजचा नाही, म्हणून थोडं मागे जाऊया.

मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला मे १७३९ मध्ये. त्याच्या वीसेक वर्षं आधी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. आरमाराला लाकूड लागतं, ते आणायचं कुठून, याचा त्यात विचार आहे. सागवान वगैरे जंगलातलं लाकूड परवानगीने तोडावं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन, मगच तोडावं. आपल्याकडे हा उतारा पर्यावरण दिनाच्या भाषणात हमखास येतो, पण त्यातला व्यवहार कोणी बघत नाही. तिथे पैसे तोडणारा देतो आणि झाडाचा मालक घेतो!

आज नेमकं उलटं आहे, आणि त्याला कारण आहे. तेव्हा पडलेल्या झाडाला किंमत होती. खोडाचे वासे व्हायचे, पोफळीची पन्हळ व्हायची, उरलेलं चुलीत जायचं. आता चूल गेली, गॅस आला, घरावर स्लॅब आला. माडाचं खोड म्हणजे उचलून न्यायला टेम्पो लागणारा कचरा. तोडण्याच्या मजुरीत हे वाहून नेण्याचं भाडंही धरलेलं असतं, हे आपल्या लक्षात येत नाही.

इंग्रजांच्या काळात भांडण फक्त हक्कापुरतं उरलं. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. भाताच्या राबासाठी फांद्या तोडायच्या की नाही, यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

माझ्या मते आपल्या प्रश्नाशी जास्त संबंध आहे तो अबकारीचा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडी काढण्याच्या झाडावर कर बसला. झाडागणिक परवाना आला. उत्तर कोकणातल्या भंडाऱ्यांनी तक्रारी केल्या, उपयोग फारसा झाला नाही. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. ताडी बरी की वाईट, तो वाद आत्ता नको. पण माडावर रोज सकाळ-संध्याकाळ चढणारी, कोणतं खोड आतून पोकळ झालंय हे थाप मारून सांगणारी माणसं त्या धंद्यातून तयार होत होती. धंदा आटला तशी मुलं नोकरीला लागली, ते बरंच झालं. मात्र चढण्याची विद्याही त्यांच्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच उभं केलं नाही.

कायदे मात्र उभे केले. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ आहेत, नारळ नाही. शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आला, त्यात मात्र माडही आला. ३ जुलै २००९ ला वसई-विरार महापालिका झाली आणि ग्रामपंचायतीतल्या कित्येक वाड्या शहराच्या नियमाखाली गेल्या. गावं वगळण्याचं आंदोलन आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या गदारोळात परसातल्या माडाचा कायदा बदलला, हे किती जणांना कळलं?

१९७५ चा कायदा वाचला तर वाटतो तेवढा घरमालकाच्या विरोधात नाही. अर्ज केल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर येऊन बघायचं, झाडावर नोटीस डकवायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. झाड मेलेलं, रोगट किंवा जीविताला-मालमत्तेला धोक्याचं असेल तर परवानगी नाकारू नये, असंही त्यात आहे. निर्णयाला ६० दिवसांची मुदत. म्हणजे मेच्या शेवटी अर्ज करणाऱ्याचा अर्धा पावसाळा वाट बघण्यातच जातो.

आणि धोक्याचं आहे की नाही हे ठरवणारा चुकला तर? जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर माड कोसळला, त्यात ती गेली. तो माड काढावा म्हणून तिथल्या रहिवाशाने आधी अर्ज केला होता. तपासणी झाली होती, झाड धोक्याचं नाही असं ठरलं होतं. वरवर हिरवा दिसणारा माड सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेला असू शकतो. खोडाला भोकं, त्यातून चोथा किंवा तांबूस रस, ही खूण खालून सहज दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी जवळ जाऊन, वर चढूनच बघावं लागतं. म्हणजे पुन्हा त्याच माणसापाशी आलो.

१७ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा आपल्याकडे झाडं तारांवर पडली, खांब वाकले, कित्येक घरं दिवसचे दिवस अंधारात होती. त्यानंतर झाडं काढायला जो तो कोयता आणि दोर घेऊन फिरत होता. घरांच्या दाटीत माड बुंध्यातून पाडता येत नाही. आधी झावळ्या आणि शेंडा, मग खोडाचे तुकडे दोराने खाली सोडावे लागतात, महावितरणकडून लाइन बंद करून घ्यावी लागते. म्हणून भाव उंचीपेक्षा झाडाखाली काय आहे यावर ठरतो: पत्रा आहे, गाडी आहे की तार. स्वस्तात करणारा यातलंच काहीतरी गाळतो. तो वरून पडला तर त्याच्या घरच्यांना काय मिळतं, हे आपण विचारत नाही.

नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर यंत्राने चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, चढणाऱ्यांसाठी अपघात विम्याची योजनाही आहे. मंडळाचं कार्यालय ठाण्यात आहे, म्हणजे फार लांब नाही. महापालिकेने आपल्या तरुणांना तिथे पाठवावं आणि विमा असलेल्या चढणाऱ्यांची दरासकट यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावी. परवानगीच्या कागदासोबतच ती यादी हातात पडली तर म्हाताऱ्या माणसांना चार ठिकाणी विचारत फिरावं लागणार नाही.

गेल्या दोन वर्षांत ज्यांनी झाड काढून घेतलं, त्यांनी गाव, झाड, दिलेले पैसे आणि परवानगीला लागलेले दिवस एवढंच मला लिहून पाठवा. नाव नको. पन्नासेक जणांची माहिती जमली की तक्ता करून पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांना देतो आणि ते काय म्हणतात ते इथेच लिहितो.