हल्क होगनच्या खालोखाल कोण?

आपल्या महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत एक पदवी मला फार आवडते, उपमहाराष्ट्र केसरी. शेवटच्या कुस्तीत जो हरला तो उपमहाराष्ट्र केसरी. गदा एकाच्याच खांद्यावर जाते, पण दुसरा कोण याबद्दल कुणी भांडत नाही. पाठ टेकली किंवा गुण मोजले, की विषय संपला.

अमेरिकेतल्या 'प्रो रेसलिंग'मध्ये मात्र हा विषय कधीच संपत नाही. तिथं कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आपल्या आखाड्यात अशा ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणून नाकं मुरडतात. इथं तोच धंदा, आणि तो उघड आहे. १९८९ साली आपल्या न्यू जर्सीच्या सिनेटपुढं खुद्द वर्ल्ड रेसलिंग फेडरेशननंच सांगून टाकलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. क्रीडा खात्याच्या नियमांतून आणि खर्चातून सुटका हवी होती, म्हणून हा खरेपणा! मग निकाल जर कागदावर लिहून ठरत असेल, तर एखादा पैलवान 'मोठा' हे ठरवायचं कशावरून? आणि पहिला कोण हे सगळ्यांना माहीत असलं, तरी दुसरा कोण?

नव्वदच्या दशकात भारतात वाढलेल्या आपल्यातल्या अनेकांनी हा वाद 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'च्या पत्त्यांवर घातलेला आहे. उंची, वजन, छाती, दंड आणि 'रँक' असे आकडे त्या पत्त्यांवर छापलेले असायचे, आणि मधल्या सुट्टीत त्या रँकला वेदवाक्याचा मान होता. तो वाद आता जरा इतिहासाच्या अंगानं घालू. काळ घेऊ १९८४ ते १९९२ चा. त्यात पहिला कोण याबद्दल दुमत नाही: हल्क होगन. प्रश्न आहे तो त्याच्या खालोखालचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी अमेरिकेत रेसलिंगचे इलाखे होते. प्रत्येक भागात एकेक चालक, त्याचे ठरलेले पैलवान आणि त्याचं स्थानिक टीव्ही केंद्र. दुसऱ्याच्या इलाख्यात शिरायचं नाही, हा अलिखित करार. व्हिन्स मॅकमॅहन यांनी १९८२ साली वडिलांकडून कंपनी विकत घेतली आणि हा करार मोडून सगळा देश पालथा घालायचं ठरवलं. त्यासाठी एक चेहरा हवा होता. २३ जानेवारी १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होगननं आयर्न शीकला हरवून पट्टा घेतला आणि तो चेहरा मिळाला.

पण एका चेहऱ्यानं देश कसा व्यापणार? लवकरच कंपनी एकाच रात्री दोन-दोन, कधी तीन-तीन शहरांत खेळ लावू लागली. होगन एका गावात असेल तर उरलेल्या गावांत लोकांनी तिकीट कुणासाठी काढायचं? दुसऱ्या क्रमांकाचा खरा अर्थ मला इथं सापडतो. ज्याच्या नावावर, होगन नसताना, दुसऱ्या गावचं सभागृह भरतं तो दुसरा. ही झाली पहिली कसोटी. दुसरी कसोटी आपल्या आखाड्यातली आहे: 'जोड'. पैलवान कितीही मोठा असो, त्याच्या तोडीची जोड मिळाली नाही तर मैदान रंगत नाही. ज्याच्यासमोर उभं राहिल्यावर होगनचा निकाल काय लागेल याची लोकांना खरोखर धाकधूक वाटेल, तो दुसरा. या दोन कसोट्यांवर चार दावेदार पारखून पाहू.

पहिलं नाव आठवतं आंद्रे द जायंटचं. फ्रान्समध्ये जन्मलेला हा महाकाय माणूस होगनच्या कितीतरी आधीपासून देशोदेशी गर्दी खेचत होता. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधल्या पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये झालेल्या तिसऱ्या रेसलमेनियाला कंपनीनं ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला. या आकड्याबद्दल जाणकारांमध्ये अजून वाद आहे, पण ती गर्दी होगननं आंद्रेला उचलून आपटलेलं पाहायला आली होती, याबद्दल वाद नाही. पुढं ५ फेब्रुवारी १९८८ ला एनबीसीवर झालेला त्यांचा सामना सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. एवढ्या लोकांनी पाहिलेला दुसरा सामना अमेरिकन टीव्हीवर झालेला नाही.

मग आंद्रेच दुसरा, असं म्हणून वही मिटायची का? मला तसं वाटत नाही. तोपर्यंत त्याचं शरीर थकलं होतं. ज्या आजारानं त्याला ते आकारमान दिलं, त्यानंच त्याची पाठ आणि गुडघे मोडले होते. रोज नव्या गावी जाऊन पंधरा मिनिटं झुंजणं त्याला शक्य नव्हतं. खरं म्हणजे आंद्रे हा आधीच्या काळातला पहिला होता आणि जाताना त्यानं आपलं मोठेपण होगनच्या पदरात टाकलं. घरातल्या आजोबांना आपण 'नंबर दोन' म्हणत नाही.

दुसरा दावेदार रॉडी पायपर. स्कॉटिश झगा घालून येणारा, मूळचा कॅनडाचा. याचं हत्यार म्हणजे जीभ! 'पायपर्स पिट' या त्याच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात त्यानं १९८४ साली जिमी स्नुकाच्या डोक्यात नारळ फोडला आणि देशभरच्या शिव्या कमावल्या. ३१ मार्च १९८५ चा पहिला रेसलमेनिया म्हणजे मॅकमॅहन यांनी लावलेला मोठा जुगार होता. होगनच्या बाजूला 'मिस्टर टी', समोर पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ, आणि पंचांच्या मदतीला साक्षात मुहम्मद अली. लोक होगनवर प्रेम करत होते हे खरं, पण तिकीट काढायला पायपरचा रागही तितकाच कारणीभूत होता. रावण दमदार नसेल तर रामलीलेला कोण जाईल?

पायपरचं कमी पडलं ते सातत्य. १९८७ मध्ये तो सिनेमाकडे वळला आणि दोनेक वर्षं आखाड्याबाहेर राहिला. या कंपनीचा मुख्य पट्टा त्याला कधीच मिळाला नाही. पट्ट्यावर मोठेपण ठरत नाही हे मान्य, पण ऐन भरात मैदान सोडणाऱ्याला दुसरं स्थान देणं मला जड जातं.

तिसरा अल्टिमेट वॉरियर. तोंडाला रंग, दंडाला फिती, आणि रिंगणात यायचं ते पळतच. १९८८ च्या समरस्लॅममध्ये त्यानं हाँकी टाँक मॅनला अर्ध्या मिनिटात गुंडाळून त्याची ४५४ दिवसांची इंटरकॉन्टिनेंटल राजवट संपवली. १ एप्रिल १९९० ला टोरांटोच्या स्कायडोममध्ये ६७,६७८ लोकांसमोर त्यानं होगनला सरळ सरळ हरवलं. त्या काळात असं भाग्य दुसऱ्या कुणाला मिळालं?

पण वॉरियरला कंपनीनं दुसरा केलंच नव्हतं, थेट पहिला करायचा बेत होता. तो तडीस गेला नाही. जानेवारी १९९१ मध्ये पट्टा गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पैशांवरून खटका उडाल्यावर, नोकरीही गेली. वारसदार नेमता येतो, पण लोकांनी तो मानावा अशी सक्ती करता येत नाही. हे आपल्याला राजकारणातूनही पुरेसं कळलेलं आहे.

आणि चौथा, माझ्या मते खरा मानकरी, 'माचो मॅन' रँडी सॅव्हेज. मूळ नाव रँडी पॉफो, वडीलही पैलवानच. आधी तो बेसबॉल खेळायचा. उजव्या खांद्याला दुखापत झाली तेव्हा हा पठ्ठ्या डाव्या हातानं चेंडू फेकायला शिकला! ही जिद्द त्यानं रेसलिंगमध्ये आणली. १९८५ मध्ये तो कंपनीत आला. चमचमते झगे, घोगरा आवाज, एल्गारच्या संथ गंभीर संगीतावर प्रवेश आणि सोबत शांत, सुंदर मिस एलिझाबेथ.

फेब्रुवारी १९८६ मध्ये बॉस्टनला टिटो सँटानाला हरवून त्यानं इंटरकॉन्टिनेंटल पट्टा घेतला. हा पट्टा म्हणजेच 'दुसऱ्या गावाचा' पट्टा होता. होगन एकीकडे, तर दुसरीकडे जाहिरातीत सर्वांत वर सॅव्हेजचं नाव. पहिल्या कसोटीला तो इथंच उतरतो. ज्या सिल्व्हरडोममध्ये लोक होगन-आंद्रे पाहायला गेले, तिथून परतताना जाणकार बोलत होते ते सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांच्या सामन्याबद्दल. प्रत्येक डाव सॅव्हेजनं आधी बसवून, घोकून घेतला होता. तो सामना सॅव्हेज हरला, आणि तरीही मोठा झाला.

आता दुसरी कसोटी, जोडीची. १९८७ च्या शरद ऋतूत सॅव्हेजला तिघं मिळून मारत असताना एलिझाबेथ धावत जाऊन होगनला घेऊन आली आणि दोघांची मैत्री झाली. २७ मार्च १९८८ ला अटलांटिक सिटीत रिकाम्या पट्ट्यासाठी चौदा जणांची स्पर्धा झाली. सॅव्हेजनं एका रात्रीत चार कुस्त्या जिंकल्या. मात्र शेवटच्या कुस्तीत टेड डिबियासीच्या पाठीत खुर्ची घातली ती होगननं. विजेता सॅव्हेज, पण विजयाच्या फोटोत होगनही! इथंच दुसऱ्या माणसाचं सगळं दुखणं आलं. पट्टा कमरेला असूनही लोक शेजारच्याला पाहतात.

कंपनीनं हेच दुखणं वर्षभर उकळत ठेवलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये एका सामन्यात सॅव्हेज एलिझाबेथवर जाऊन आदळला. होगन जोडीदाराला रिंगणात एकटा टाकून तिला उचलून आत घेऊन गेला आणि सॅव्हेजचा बांध फुटला. २ एप्रिल १९८९ ला, अटलांटिक सिटीच्या त्याच सभागृहात, ३७१ दिवसांनी तो होगनकडून हरला. कथेत सॅव्हेज खलनायक होता. पण पुन्हा पाहिलं तर लक्षात येतं की त्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती. होगनविरुद्ध उभं राहून 'मी तुझ्यापेक्षा कमी का?' हा प्रश्न ज्याच्या तोंडी शोभला असा तो एकटाच. आंद्रेला विचारायची गरज नव्हती, पायपरला पर्वा नव्हती आणि वॉरियरला उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सॅव्हेजच्या मोठेपणात एलिझाबेथचा वाटा किती? भरपूर. दोघं प्रत्यक्षात नवरा-बायको होते आणि पडद्यावरचं त्यांचं नातं नसतं तर होगनशी वैराला धारच आली नसती. १९९१ च्या रेसलमेनियात वॉरियरकडून हरलेल्या सॅव्हेजला ती येऊन भेटली तेव्हा प्रेक्षकांत बाया-पुरुष ढसाढसा रडत होते. ठरलेल्या निकालाच्या खेळात हे अश्रू कुठून आले, याचा विचार करा. पुढच्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला. म्हणून 'दुसरा' कोण याचं पूर्ण उत्तर 'सॅव्हेज आणि एलिझाबेथ' असं लिहायलाही माझी हरकत नाही.

पुढच्या पिढ्यांतही हा वाद चालूच राहिला. स्टीव्ह ऑस्टिनच्या काळात 'द रॉक' इतका जवळ आला की पहिला कोण यावरच भांडणं झाली. जॉन सीनाच्या काळात बटिस्टा, रँडी ऑर्टन, सी. एम. पंक अशी नावं येतात. पंककडे तर २०११ ते २०१३ दरम्यान ४३४ दिवस पट्टा होता, तरी त्या काळात शेवटचा, मुख्य सामना अनेकदा सीनाचाच असे. म्हणजे सॅव्हेजची गोष्ट पुन्हा घडली.

आपल्या मराठी घरांत मुलगा 'दुसरा आलो' म्हणाला की पुढचा प्रश्न ठरलेला, 'मग पहिला कोण आला?' त्यात दुसऱ्याची मेहनत वाहून जाते. सॅव्हेज २० मे २०११ रोजी फ्लॉरिडात गाडी चालवताना हृदयविकारानं गेला. कंपनीनं त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २०१५ मध्ये, मरणानंतर. आणि त्या समारंभात त्याची ओळख करून द्यायला व्यासपीठावर आला कोण? हल्क होगन. २०२५ च्या जुलैमध्ये होगनही गेला. त्याच्यावर जे लिहून आलं, त्यातही तिसऱ्या रेसलमेनियातला आंद्रे आणि अटलांटिक सिटीतला सॅव्हेज वगळून कुणाला त्याची गोष्ट सांगता येईना.

तेव्हा माझं मत सॅव्हेजला. पायपरचे किंवा वॉरियरचे चाहते खवळले असतील, तर दिवाळीच्या फराळाला जरूर या. चकल्या खाता खाता हा वाद पुढं नेऊ.